आधी ज्ञान, मग दया : गडचिरोलीच्या बाळांची गोष्ट



जीवदया म्हटलं की आपल्याला पांजरपोळ आठवतो, गाळून घेतलेलं पाणी आठवतं, पर्युषणात अभयदानासाठी लिहिलेली रक्कम आठवते. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालायचं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. त्यासाठी आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, जतना. उठताना जतना, बसताना जतना, भाजी चिरताना जतना. पण माणसाचा जीव सगळ्यात नाजूक कधी असतो? जन्मल्यानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस. जन्मून एक वर्षाच्या आत जी बाळं जातात, त्यातली निम्म्याहून अधिक या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. त्यातही पहिला आठवडा सर्वांत कठीण.

दशवैकालिक सूत्रात दयेच्या आधी ज्ञान सांगितलं आहे. स्थानकात हे आपण कितीदा ऐकलं असेल. ज्याला जीव काय आणि अजीव काय हेच कळत नाही, तो जीव राखणार कसा, असा त्याचा सरळ अर्थ. आज मी जी गोष्ट सांगणार आहे, ती मला याच गाथेचा दाखला वाटते. ती आपल्या महाराष्ट्रातली आहे, गडचिरोलीची. पोटभर जेवायला न मिळणाऱ्या आया, मातीच्या झोपड्या, आणि सातवी-आठवी शिकलेल्या गावातल्याच बायका. त्यांच्या हातात योग्य ज्ञान आलं आणि बाळं जगू लागली. पुढे सगळ्या देशानं त्यांच्याकडून ते घेतलं.

पांढऱ्या कपड्यांची भीती

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, गोंड आणि माडिया आदिवासींची वस्ती. डॉ. अभय बंग वर्धा-सेवाग्रामच्या गांधीवादी वातावरणात वाढले. त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, परत आले आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पुढे त्यांनी शहराबाहेर शोधग्राम वसवलं.

दवाखाना काढला म्हणजे लोक येतील, असं होत नाही. दवाखान्यात का येत नाही, असं विचारल्यावर आदिवासींनी जी कारणं सांगितली, त्यातलं एक वाचून मी थबकले. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात. मेलेल्या माणसाला आम्ही पांढऱ्यात गुंडाळतो. मग पांढऱ्यातली माणसं जीव कसा वाचवणार? आपल्याला पांढरा रंग म्हणजे महासतीजी, शांती, पवित्रता. त्यांना तोच रंग कफनाचा. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला त्यांच्या देवीचं, दंतेश्वरीचं नाव दिलं गेलं. ज्याला मदत करायची, त्याचं मन आधी जाणून घ्यायचं. पुढच्या सगळ्या कामाची रीत हीच राहिली.

मण्यांची पाटी

सुरुवातीचं मोठं काम झालं ते लहान मुलांच्या न्यूमोनियावर. मुलाचा श्वास एका मिनिटात किती वेळा चालतो यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. पण गावच्या दाईला शंभरपर्यंत मोजता येत नसेल तर? मग एक साधी युक्ती निघाली. एक पाटी, तिच्यावर तारेत ओवलेले मणी आणि एक मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे. आपण नवकारवाली फिरवतो, त्या बायका मणी सरकवून बाळाचा श्वास मोजत होत्या. या कामाचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. गावातल्या साध्या माणसांनी केलेल्या उपचारानं मुलांचे मृत्यू कमी झाले होते.

तरीही एक मोठा आकडा हलत नव्हता. पहिल्या महिन्यात जाणाऱ्या बाळांचा.

आधी मोजलं

मी कॉमर्सची पदवीधर. वही नीट नसेल तर नफा-तोटा कळत नाही, हे मनात पक्कं बसलेलं. म्हणून मला या इतिहासातला हा भाग फार आवडतो. बंग दांपत्यानं उपचार सुरू करण्याआधी दोन वर्षं नुसती नोंद केली. १९९३ ते १९९५ या काळात ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहिला गेला. शेजारच्या ४७ गावांतही तशीच नोंद झाली. तिथे हा नवा प्रयोग करायचा नव्हता, तुलना करायची होती. हजार जिवंत जन्मांमागे पहिल्याच महिन्यात ६२ बाळं जात होती. तुलनेच्या गावांत ५८.

मग पुढच्या वर्षात ७६३ नवजात बाळांना त्यांच्या घरी जाऊन पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं घरातच झालेली. १०० पैकी ४२ बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची. निम्म्याहून जास्त बाळांना डॉक्टरी मदतीची गरज होती, आणि ती मिळाली शंभरातल्या तिघांनाही नाही. अडीच टक्क्यांच्या जरा पुढे. म्हणजे ज्या बाळांसाठी शहरांत काचेच्या पेट्या आणि मोठी यंत्रं उभी राहत होती, ती बाळं तिथे पोचतच नव्हती.

डॉ. अभय बंग एका बाळाची हकीकत नेहमी सांगतात. पावसाळ्यात एक आई आजारी तान्हं घेऊन त्यांच्या दारात आली. उपचाराला सुरुवात होते न होते तोच बाळ गेलं. नंतर त्यांनी त्या मृत्यूची कारणं मांडली तर ती अठरा भरली. गरिबी, आईचं कुपोषण, अज्ञान, दवाखान्याचं अंतर अशी एकात एक अडकलेली. पण त्यातून त्यांनी काढलेला अर्थ निराशेचा नव्हता. साखळी तोडायला सगळ्या कड्या तोडाव्या लागत नाहीत. एक कडी तुटली तरी बाळ वाचतं. गरिबी जाईपर्यंत थांबायची गरज नव्हती.

झोपडीत काय होत होतं

आता जरा घराच्या आत बघू या. या रीती वाचताना नाक मुरडू नका, कारण त्यातल्या बऱ्याच आपल्याही जाप्यात होत्या आणि काही अजून आहेत.

गरोदर बाई मुद्दाम कमी जेवायची. बाळ मोठं झालं तर अडेल, ही भीती. जिथे सिझेरियन करणारा दवाखाना कित्येक कोस दूर, तिथे ही भीती खुळी म्हणता येत नाही. पण त्यामुळे बाळ आधीच हलकं जन्माला यायचं. बाळंतपण घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीवर व्हायचं. वार पडेपर्यंत बाळ तसंच ओलं, उघडं बाजूला पडून राहायचं. मग त्याला आंघोळ. पहिलं पिवळसर दूध वाईट समजून काढून टाकायचं आणि दोन-तीन दिवस साखरेचं किंवा गुळाचं पाणी चाटवायचं. बाळंतिणीचं जेवणही तोललेलं. बाळ मलूल झालं की बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे.

आता यातलं ज्ञान बघा. पोटातून आलेलं बाळ ओलं असतं. त्याच्या अंगावर चरबी कमी असते, आणि वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त असते, म्हणून ते आपल्यापेक्षा कितीतरी लवकर गार पडतं. गार पडलेलं बाळ नीट ओढत नाही. ओढलं नाही की पोटात दूध नाही, दूध नाही की अंगात ऊब नाही. हे चक्र एकदा सुरू झालं की दोन दिवसांत हाताबाहेर जातं. पहिलं पिवळं दूध हे तर बाळाचं पहिलं संरक्षण, त्यात रोगाशी लढणारे घटक भरलेले. ते फेकून आपण त्याला पाणी चाटवतो, आणि त्या पाण्यातून, बोटातून, वाटीतून जंतू आत जातात.

आपल्याकडे काय वेगळं होतं? घुट्टी कुणी द्यायची यावर घरात चर्चा व्हायची. जो घुट्टी देईल त्याचा स्वभाव बाळ घेतं म्हणून भुआला मान. सूतकामुळे बाळंतिणीची खोली वेगळी. घरात सामायिक आहे, गोचरी आहे, म्हणून तिला कुणी शिवायचं नाही. या वेगळ्या खोलीचा एक फायदा मात्र होता, तोही सांगितला पाहिजे. बाईला सव्वा महिना विश्रांती मिळायची आणि दहा पाहुण्यांचे हात बाळाला लागायचे नाहीत. सुंठीचे, डिंकाचे लाडू मिळायचे. जुनं ते सगळं टाकाऊ नव्हतं. त्यातलं बाळाच्या हिताचं कोणतं आणि अहिताचं कोणतं, एवढं ओळखायला ज्ञान लागतं.

आरोग्यदूत

गडचिरोलीत मग त्या ३९ गावांतून गावच्याच बायका निवडल्या गेल्या. पाचवी ते दहावी शिकलेल्या, तिथेच नांदणाऱ्या, ज्यांच्या शब्दाला घरात मान आहे अशा. त्यांना नाव मिळालं आरोग्यदूत. गावच्या दाईला बाजूला केलं नाही. तिलाही शिकवलं आणि सोबत घेतलं. बाळंतपण दाईनं करायचं, बाळाकडे आरोग्यदूतानं बघायचं.

आरोग्यदूत बाई गरोदर असल्यापासूनच घरी जायची. पोटभर जेव, बाळंतपणासाठी स्वच्छ जागा आणि धुतलेली फडकी तयार ठेव, पहिलं दूध टाकू नको, हे आईला सांगायची. आईला एकटीला सांगून भागत नाही, कारण घरात निर्णय सासूचा. म्हणून सासूला आणि नवऱ्यालाही बसवून सांगायचं. बाळंतपणाच्या वेळी ती हजर राहायची. बाळ जन्मताच पुसून कोरडं करायचं, गुंडाळायचं, आईजवळ द्यायचं. रडलं नाही तर नळीनं तोंडातला चिकटा ओढून मुखवट्यानं हवा द्यायची. मग वजन. त्यासाठी झोळीचा काटा होता. पहिल्या महिन्यात ती पुन्हा पुन्हा घरी यायची. ताप मोजायची, श्वास मोजायची, बेंबी बघायची, बाळ छातीला नीट लागतंय का ते बघायची. हलक्या बाळासाठी ब्लँकेटची शिवलेली उबदार पिशवी असायची. काचेच्या पेटीचं काम कापडाच्या पिशवीनं आणि आईच्या छातीच्या उबेनं केलं.

आईला शिकवायची ती खूणही किती सोपी. बाळाच्या पोटाला आणि पायाला हात लावून बघ. पोट गरम आणि पाय गार लागले तर बाळाला थंडी लागली आहे, छातीशी घे. दोन्ही गार लागले तर धोका आहे, लगेच मदत बोलव. यासाठी थर्मामीटर लागत नाही, की अक्षरओळख लागत नाही.

इंजेक्शनचा प्रश्न

सगळ्यात अवघड गोष्ट होती जंतुसंसर्गाची. नवजात बाळाच्या रक्तात जंतू पसरले की ते भराभर खालावतं. दूध ओढणं कमी होतं, रडणं क्षीण होतं, हातपाय लुळे पडतात, पोट फुगतं, अंग गार लागतं, छाती आत ओढली जाते. आरोग्यदूतांना या खुणा शिकवल्या गेल्या. अशा दोन खुणा एकदम दिसल्या की संसर्ग धरून चालायचं. आधी पालकांना दवाखान्यात न्यायला सांगायचं. पण बहुतेक घरं नकार द्यायची. रस्ता नाही, पैसा नाही, घरी दुसरी पोरं, शेतात कापणी. मग पालकांची लेखी संमती घेऊन आरोग्यदूत बाईच घरी प्रतिजैविकाची इंजेक्शनं द्यायची आणि तोंडानं द्यायचं औषधही सुरू करायची.

सातवी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचते, हे अनेक डॉक्टरांना पटलं नाही. ती शंका चुकीची म्हणता येणार नाही. सुई चुकली तर? मात्रा चुकली तर? पण दुसऱ्या बाजूला उभा होता मृत्यू. म्हणून इथे सगळा भर शिस्तीवर राहिला. प्रशिक्षण, सराव, परीक्षा, दर पंधरा दिवसांनी देखरेखीची भेट, आणि प्रत्येक बाळाचा लिहिलेला कागद. आपल्या भाषेत बोलायचं तर ही जतना होती. नुसत्या कळवळ्यानं सुई हातात घेतली असती तर अनर्थ झाला असता.

वही काय म्हणाली

१९९५ ते १९९८ अशी तीन वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतल्या ९३ टक्के बाळांना ही घरपोच काळजी मिळाली. पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ होते, ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत मात्र ते साठच्या आसपासच राहिले. दोन्हींचा मेळ घातला तर घट ६२ टक्के. संसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरातली साडेसोळा जायची. आरोग्यदूतांनी उपचार केल्यावर तीनसुद्धा गेली नाहीत, २.८ टक्के. ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे सगळं छापून आलं.

आता हिशेब. एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. त्या वेळच्या भावानं साधारण दोनशे रुपये. १९९७-९८ साली अशी काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास एक जीव. आपल्या एखाद्या स्वामीवात्सल्यात नुसत्या मिठाईवर याहून जास्त जातात. जेवणं करू नयेत असं मी म्हणत नाही, साधर्मिक भक्ती आपल्या धर्मातच आहे. पण आकडे शेजारी शेजारी मांडून बघायची मला सवय आहे.

गडचिरोलीबाहेर

एका ठिकाणी जमलं म्हणून सगळीकडे जमेल का, ही पुढची शंका. २००१ साली राज्यातल्या संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ नावाचा अहवाल काढला. सरकारी नोंदीत दिसतात त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू महाराष्ट्रात होत आहेत, हे त्यानं दाखवलं. खूप गदारोळ झाला, आणि सरकारला मूल्यमापन समिती नेमावी लागली. त्याच सुमाराला ‘अंकुर’ या प्रकल्पात राज्यातल्या सात ठिकाणी, वेगवेगळ्या संस्थांमार्फत, गडचिरोलीची पद्धत वापरून बघितली गेली. त्यात खेडी होती, आदिवासी भाग होता आणि शहरातल्या झोपडपट्ट्याही होत्या. तिथेही बाळांचे मृत्यू कमी झाले.

झोपडपट्टीचं नाव आलं म्हणून मुंबईचं एक नाव घेतलंच पाहिजे, डॉ. आर्मिडा फर्नांडिस. शीव रुग्णालयात, जिथे धारावीसारख्या वस्तीतल्या बायका बाळंतपणाला येतात, तिथे त्यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या बाळाला स्वतःच्या आईचं दूध मिळू शकत नाही, त्याला दुसऱ्या आईनं दान केलेलं दूध मिळावं म्हणून. पुढे १९९९ साली त्यांनी वस्त्यांमधल्या आया-बाळांसाठी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. दुधाचं दान! आपण दानाचे किती प्रकार मोजतो, त्यात हा मोजायचा राहून जातो.

२००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ ताई आल्या. २०११ साली केंद्र सरकारनं नवजात बाळाच्या घरपोच काळजीचं काम त्यांच्याकडे दिलं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक, अशा सात. गडचिरोलीतला इंजेक्शनचा भाग मात्र आशाच्या हातात दिला गेला नाही. तिनं खुणा ओळखायच्या आणि बाळाला वेळेत पुढे पाठवायचं. या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की तिला एका बाळामागे २५० रुपये मोबदला ठरला.

देशात २०११ साली पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ३१ होते, २०२० साली २०. महाराष्ट्रात ते ११ वर आले. याचं सगळं श्रेय घरपोच भेटींना देता येणार नाही. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, रुग्णवाहिका आल्या, जिल्ह्याच्या रुग्णालयांत नवजात बाळांसाठी कक्ष झाले. पण बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतंच. त्यानंतर दाराशी येणारी ती आशाताईच. २०१८ साली बंग दांपत्याला पद्मश्री मिळाली, ते आपण वर्तमानपत्रात वाचलं. पण या कामात रात्री-अपरात्री झोपड्यांतून फिरल्या त्या बायकांची नावं आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाहीत.

आपल्या दाराशी

आता मुद्द्याची गोष्ट. जाप्यात आपल्या नातवंडाला तेल लावते कोण? आंघोळ घालते कोण? लंगोट धुते कोण? सूतक म्हणून आपण हात लावत नाही तेव्हा त्या कोवळ्या जिवाला हातात घेते ती मालिशवाली बाई, जापेवाली मावशी. ती वस्तीतून येते. आपल्या बाळाला तिच्या हातात देताना आपण तिला हात साबणानं धुवायला लावतो, नखं कापायला सांगतो, खोली बंद ठेवायला सांगतो. तिच्या स्वतःच्या सुनेचं बाळ त्याच वेळी पत्र्याच्या खोलीत असतं. त्या बाळाचं वजन किती भरलं, ते दूध ओढतंय का, आशाताई येऊन गेली का, हे आपण कधी विचारतो?

शेठाणीचा शब्द वस्तीत चालतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मग तो शब्द जतनेनं वापरू या. तिच्या घरी बाळ आलं की साखरेची पुडी आणि जुनी साडी देतो, ती जरूर द्या. पण सोबत दोन गोष्टी सांगा. जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीला लावायचं आणि पहिलं पिवळं दूध टाकायचं नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. घुट्टी नाही, गूळपाणी नाही, साधं पाणीसुद्धा नाही, उन्हाळा असला तरी. बेंबीला हळद, तेल, राख काही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. पहिल्या दिवशी आंघोळ घालायची नाही, आणि बाळ हलकं असेल तर डॉक्टर किंवा आशाताई सांगेल तोवर नुसतं पुसायचं. डोक्याला टोपी, पायात मोजे, आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, गार लागलं किंवा श्वास भरभर चालला तर अंगारा-धुपाऱ्यात रात्र घालवायची नाही. १०८ ला फोन करायचा. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचा उपचार मोफत आहे, हेही तिला ठाऊक असेलच असं नाही. सांगा.

आणि सांगताना गडचिरोलीचा धडा लक्षात ठेवा. तुमच्याकडे घाण असते, तुम्हाला काही कळत नाही, अशी सुरुवात केली की तिचे कान मिटतात. तिच्या रीतीमागे एक भीती असते, ती आधी ऐकून घ्या. सासूला विश्वासात घ्या. हेच सगळं आपल्या सुनेच्या खोलीतही लागू आहे बरं का. भुआच्या मानासाठी घुट्टीऐवजी दुसरं काही शोधता येईल. भुआनं बाळाला पहिली टोपी घालावी आणि कानात नवकार म्हणावा. स्वभाव घ्यायचाच असेल तर बाळ तोही घेईल.

आपल्या महिला मंडळातही हे सहज होण्यासारखं आहे. शिबिरं आपण भरवतोच. या चातुर्मासात जवळच्या वस्तीतल्या आशाताईंना एक दिवस बोलवा, त्यांचा सत्कार करा, त्यांना काय कमी पडतं ते विचारा. ब्लँकेटच्या उबदार पिशव्या आपल्या शिवणाच्या हातांना काही अवघड नाहीत. बाळंतविड्यात झबली-टोपडी देतोच, त्यात एक पिशवी वाढवा. ती कशी वापरायची ते सांगायला मात्र आशाताईलाच पुढे करा, कारण तो अधिकार तिचा आहे.

दानांमध्ये अभयदान श्रेष्ठ मानलं आहे. पांजरपोळाची पावती फाडून ते घडतं, आणि वस्तीतल्या एका आईला बाळाचे पाय चाचपून बघायला शिकवूनही घडतं. पुढच्या वेळी मालिशवाली मावशी दारात आली की तिच्या घरच्या बाळाची चौकशी करा. उत्तर काय आलं ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.